ह्यांच्या बॅटरीचा ड्रायव्हर

४ सप्टेंबर
पासलीत आले. भोरहून एसटीनं वेल्ह्यापर्यंत, पुढं मालक गोरखदादांच्या टेम्पोत गोण्यांवर बसून. खोली लहान, पण खिडकीतून भातखाचरं दिसतात. भोरला नुसती भिंत दिसायची. पेटीत माझी पुस्तकं, ह्यांचा चौकडीचा शर्ट आणि त्यांनी अर्धी बनवून सोडलेली बॅटरी. निघताना खांद्यावरचा पदर सरळ करणारं कुणी नव्हतं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी दारात क्षणभर थांबतेच.

काम खोलीमागच्याच गांडूळखताच्या शेडचं. चारी बाजूंनी काळी जाळी, दुपारीही आत अंधार. सोबतीला कोंडाबाई, साठीच्या, फटकळ. माझे हात बघून म्हणाल्या, "लई मऊ हायेत गं, किडं खुश हुतील." मी हसले. किती दिवसांनी!

७ सप्टेंबर
खत काढण्याआधी गांडुळं वेचायची, पण उजेड पडला की ती मातीत घुसतात. ओढलं की अर्धं चिमटीत येतं, अर्धं आत वळवळतं. चिकटा राखेनंही जात नाही. आज भाकरी कागदात धरून खाल्ली.

लाल उजेड त्यांना जाणवत नाही, असं वाचलंय. ह्यांची बॅटरी लालच आहे. तोरण्यावर बसून तारे बघताना डोळे दिपू नयेत म्हणून करत होते. नळी, भिंग, लाल एलईडी, सगळं बसवलेलं. फक्त ड्रायव्हर राहिला, म्हणजे एलईडीला किती करंट द्यायचा ते ठरवणारी नाण्याएवढी चकती.

९ सप्टेंबर
वेल्ह्यात मोबाईल दुरुस्तीवाल्या कुमारनं तीन ड्रायव्हर समोर ठेवले. पहिला स्वस्त, पण लाल एलईडीला व्होल्टेज कमी लागतं, उरलेलं हा उष्णतेत घालवतो, नळी हातात धरवायची नाही. दुसरा गार, पण मंद केला की फडफडतो. तिसरा गार, स्थिर, आणि ज्या पातळीवर बंद कराल तिथंच पुन्हा लागतो. आठवण ठेवतो, म्हणाला. मी तोच घेतला. ह्यांचं सोल्डरिंग बघून तो म्हणाला, "काकू, काकांच्या कामाला हात लावायची भीती वाटती." पण जपून बसवून दिला.

१२ सप्टेंबर
लावली. सगळ्यात मंद पातळीवर ठेवली. एकही पळालं नाही. ओल्या शेवयांसारखी एकमेकांत गुंतून पडलेली, लाल, चकचकीत.

कोपऱ्यातल्या खताच्या बेडवर झाकायला गोणपाट पुरलं नाही, म्हणून ह्यांचा शर्ट भिजवून पसरला. सुतीच होता. कोंडाबाई संतापल्या. मयताचं कापड दहाव्याच्या आत पाण्यात सोडायचं, ओल्या मातीवर घालायचं न्हाई, म्हणाल्या. मी म्हटलं, पेटीत कुजण्यापेक्षा कामाला येतोय.

१५ सप्टेंबर
शर्टाच्या बाह्या भरल्यात. आतून. कोपरापर्यंत हलतात. कॉलरमधून गुंता वर आलाय, मुठीएवढा.

जेवले नाही.

१६ सप्टेंबर
कोंडाबाई लेकीकडं पानशेतला गेल्या. शेडची किल्ली माझ्याजवळ, बॅटरी आत खिळ्याला टांगलेली. मी नेहमी मंदवर बंद करते. आज लागली ती मधल्या पातळीवर. बटणावर चिकटा.

ह्यांची नजर अधू होती. मंद उजेडात त्यांना दिसायचं नाही.

१८ सप्टेंबर
मोबाईलचा पांढरा उजेड शर्टावर मारला. सळसळ झाली, सगळं खाली मातीत. शर्ट सपाट पडला. नुसतीच चौकडी.

जाळायचा होता. हात लावला, अन् रडले. त्यांचाच ना.

जाळला नाही.

१९ सप्टेंबर
बेडवर शर्ट नाही. जाळीखालून माझ्या खोलीकडं मातीवर रुंद, ओली रेघ — दारापर्यंत. उंबऱ्यावर शर्टाचं एक बटण.

बॅटरी खोलीत आणली. शेडमध्ये जाणार नाही. उद्या गोरखदादांना —

२० सप्टेंबर, संध्याकाळ
पाऊस. सकाळपासून लाईट नाही, ओढ्याला पाणी, टेम्पो येणार नाही. मोबाईल आत्ताच बंद पडला. चूल पेटवायला लाकडं ओली —

बॅटरी आहे. लाल. सगळ्यात मोठ्या पातळीवर लावली. काही उपयोग नाही. ज्या उजेडाला काहीच पळत नाही, असा उजेड मीच निवडून आणला.

खाटेखाली सळसळ.

वास. शेणाचा, अन् त्यात — त्यांच्या साबणाचा.

मागं बघणार नाही. लिहीत राहते. लिहीत राहिलं की —

पाठीला गार लागलं. ओलं. हळू चढतंय, मऊ, बोटं नाहीत अन् तरी बोटांसारखं — खांद्याशी थांबलं —

पदर सरळ क