शिवकांताच्या मानेतली दुसरी गाठ

पुणे, १८ डिसेंबर २००१

ती. केदारनाथअण्णा यांस,

वैजिनाथचा शरणार्थ. कड्याला आपण सगळे खुशाल असालच. कारखान्याच्या कायम नोकरीत माणूस खुशालच असतो. आपल्या बहिणीचं ऑपरेशन झालं. आपण आला नाहीत, पण आपल्या वाटचे सल्ले सोबत आलेल्या बायडाआत्यानं देऊन टाकले.

शिवकांताची हाडं सात वर्षं कशानं दुखत, मोडत होती ते एकदाचं कळलं. मानेत तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात (आमच्या चौसाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं). त्यातली एखादी माजली, की भरमसाट हार्मोन सोडते आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतते. आणि आपण काय केलं? रोज सकाळी दह्यातून गव्हाएवढा चुना! कल्पना आपली, चुना माझ्या दुकानातला. आधीच पूर, त्यात आपला पाट.

सर्जनची रीत अशी, की गाठ काढायची आणि मान उघडीच ठेवून रक्त तपासायला पाठवायचं. हार्मोन निम्म्याखाली उतरला तरच टाके. आधी आकडा होता नऊशे. शेंगदाण्याएवढी गाठ काढली आणि निरोप आला, आठशे साठ. आत्या म्हणाली, “आरं, मशीनच बिगडलं आसंल. शिवून टाका म्हणावं पोरीला, लई वेळ झाला!” मीही तेच सांगायला दारापर्यंत गेलो (लाज वाटते, पण गेलो). सर्जननी मात्र आकड्यावर विश्वास ठेवला, पुन्हा शोधलं, तेव्हा मागं दडलेली दुसरी गाठ सापडली. पुढचा आकडा नव्वद. मी जिन्यात बसून रडलो आणि आत्यानं कपिलधारला त्या मशीनच्या नावानं नारळ कबूल केला.

सगळा दोष चुन्याचा, म्हणजे आपला, असं मी इथं सर्वांना सांगितलं आहे. राग नसावा.

आपला,
वैजिनाथ

ता. क. : चुन्यापेक्षा उशीर नडला, असं डॉक्टर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी बीडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायची चिठ्ठी दिली होती. हिला कामाचा कंटाळा, असं म्हणून मी ती दुकानातल्या कॅलेंडरामागं खोचली. परवा इथं जुने कागद मागितले, आत्यानं गावाहून दुकानातले होते ते सगळे आणले, आणि चिठ्ठी नेमकी शिवकांताच्या हाती पडली. तेव्हापासून ती नर्सशी बोलते, आत्याशी बोलते.

आणखी ता. क. : ती तपासणी आपणच ‘राहू द्या’ म्हणाल्यामुळं राहिली, असं तिला लिहाल का? भावाचं ती खरं मानेल. माझं आता मानणार नाही. सात वर्षं मी तिचं मानलं नव्हतं.