तीन इंचांची फट

मंगळवार, मार्गशीर्ष. लालबाग.

चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलीय. मी नाही गेलो. साहेबांचं बोलणं डोक्यातून जात नाही. गिरणीच्या गोदामात कापडाच्या गाठी रचायच्या लाकडी पाटाचं ड्रॉइंग माझं. "सावंत, उचलायच्या मशीनचे सुळे खाली शिरायला चार इंच हवेत. तुम्ही तीनच का ठेवले?"

घरी आलो आणि ट्रंकेखालची घडवंची दिसली. तीही मीच केलेली. "केरसुणी धरलेली माझी मूठ आत गेली पाहिजे हां," सुमन म्हणाली होती. तिची मूठ मोजूनच खाली तीन इंच ठेवले. तेच माप हातात बसलंय.

ती बाळंतपणाला माहेरी, मालवणला. उद्या ड्रॉइंगमध्ये चार करीन. आज घडवंचीखाली केर काढायला गेलो, तर माझी मूठ बाहेरच अडकली. महिन्याभराचा केर आतच आहे. असू दे. तिथे तिचाच हात जायचा.