वाइआनाएच्या लाटेवरचा खांब

लास वेगास, ११ एप्रिल

ती. मोमीताईस,
कविकाचा सा. न. वि. वि. डॉक्टरांनी नव्या खुब्यावर फार वाकायला मनाई केली आहे, तेव्हा नमस्कार उभ्याउभ्याच केलाय, पण तू पुरा धर. फोनवर आपण पाच मिनिटांत भांडतो, म्हणून पत्रच बरं.

खुबा छान बसलाय. हॉटेलच्या किचनमध्ये पुन्हा कामाला लागलो. आपल्या हवाईची निम्मी माणसं पोटापाण्यासाठी इथेच येऊन राहिलीत, त्यामुळे पानात गुंडाळून मांस वाफवायचं आपलं लाउलाउ करायला पानं कमी पडतात, खाणारे नाहीत.

गेलं ते एकच. फळीवर पोटावर झोपून लाट आली की झटक्यात उभं राहणं, ते आता विसरा म्हणाले डॉक्टर. कितीतरी दिवस मी तोंड पाडून बसलो होतो. मग किचनमधल्या एकाने मीड तलावावर नेलं आणि उभं राहून वल्हवायची ती रुंद फळी दिली. ताई, मी उभा राहिलो! आता इतका सराईत झालोय की तलावावरची बदकंसुद्धा माझ्याकडे वळून बघत नाहीत.

जूनच्या अखेरीस पंधरा दिवस घरी येतोय. वल्हं घेऊनच येतो. आपल्या लाटेवर जायचंय. केस गेले, पोरं आपापल्या घरी गेली, तरी स्वप्नात अजून तीच लाट येते. हौनानीला सांग, मामासाठी पाण्यातल्या रांगेत जागा धरून ठेव.

लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.
तुझा, कविका


वाइआनाए, २४ एप्रिल

चि. कविकास,
मोमीताईचे अ. उ. आ. खुब्याला वेगळे.

ये, आणि लवकर ये. पण ते वल्हं तिकडेच ठेव.

तुला इथली हालहवाल ठाऊक नाही. रविवार आला की ही वल्हेवाली मंडळी गाड्यांवर फळ्या बांधून हजर. आम्ही त्यांना खांब म्हणतो, कारण पाण्यात रोवल्यासारखे उभे असतात. उभ्या माणसाला लाट लांबून दिसते, वल्ह्याने तो तिला आधी गाठतो, आणि रांगेत थांबलेले आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. तेही सोसलं असतं. पण यातल्या अर्ध्यांना काही येत नाही. लाट चढली की घाबरून उडी टाकतात आणि फळी सोडून देतात. मग ती दाराएवढी फळी पायाच्या दोरीच्या लांबीभर मोकाट सुटते. अशीच एक आपल्या हौनानीच्या खांद्यावर आली, पोरीला टाके पडले. मी त्या माणसाला असं झापलं की अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं. वर तोच मला विचारतो, समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का! मी म्हटलं, बापाचा नाही, पण फळी सोडायची नाही हे आमच्या बापाने इथेच शिकवलंय.

तेव्हापासून आम्ही जुन्या लोकांनी ठरवलंय की आपल्या लाटेवर खांब नकोत, त्यांनी पोकाईच्या शांत खाडीत खुशाल वल्हवावं. एबेन काकांचा शब्द म्हणजे इथे शेवटचा शब्द, तुला माहीतच आहे. आता माझाच भाऊ वल्हं घेऊन उतरला तर मी कुठल्या तोंडाने ओरडू? तू आपला वाळूवर बस. मी कच्च्या माशाचं पोके आणि गरम भात घेऊन येते.

रागावू नकोस. रागावलास तरी उत्तर पाठव.
तुझी, मोमीताई


लास वेगास, २ मे

ती. ताईस,
सा. न. विनंती विशेष काही उरली नाही.

इथे कोणी विचारलं कुठला तू, तर मी छाती काढून सांगतो, वाइआनाएचा. आणि तिकडे आलो की दुकानातली मुलगी विचारते, सुट्टीवर आलात का. मागच्या खेपेला मी तिला हो म्हणालो आणि बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो.

पाण्यात उतरलो असतो तर मला कळलं असतं, मी अजून तिथला आहे की नाही. तेवढ्यासाठीच यायचं होतं. वाळूवर बसून पोके खायला पाहुणे येतात, आणि पाहुणा म्हणून मला माझ्या गावी यायचं नाही. तिकीट काढलेलं नाही. काढीन असं वाटत नाही.

हौनानीच्या खांद्याला जप. दाजींना नमस्कार.
कविका


वाइआनाए, २० मे

चि. कविकास,
अ. उ. आ. आणि एक कबुली.

तुझं पत्र आलं आणि मला अन्न गोड लागेना. किमो म्हणाला, भावाला पाण्याबाहेर ठेवणारी तू कोण, आधी ते वल्हं हातात तरी धरून बघ. तुझे दाजी वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलतात, ते यंदाचं बोलून झालं.

म्हणून मी एक फळी उसनी आणली. पोकाईच्या खाडीत उभी राहिले, सोपं वाटलं. लगेच अंगात आलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच, कोणी नसेल अशा बेताने, आपल्या लाटेवर गेले. तर तिथे एबेन काका एकटेच बसलेले! माघारी कशी फिरणार? लाट आली, मी उभी, फळी कलली, आणि कविका, मी उडी टाकली आणि फळी सोडली. मी! ती काकांच्या कानाजवळून गेली. काकांनी कानातलं पाणी झटकलं आणि पुढच्या लाटेकडे नजर लावली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक मात्र कळलं. पोटावर झोपणाऱ्याला फळी हाताशी असते, उभ्याला ती फक्त पायाखाली असते. पडताना हात रिकामेच असतात, नाहीतर वल्ह्यात अडकलेले. फळी धरायची ती मुद्दाम शिकावी लागते, आणि ते त्या बिचाऱ्यांना कोणी शिकवलेलंच नाही. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ कान खाजवला, मग म्हणाले, भावाला घेऊन ये.

तर अट अशी. आधी पोकाईत पडायला शिकायचं. उभं राहणं तुला येतं, त्याचं कौतुक बदकांना. मग रांगेत सगळ्यांच्या मागे. चालत असेल तर तिकीट काढ, आणि चालत नसेल तरी काढ.

वाट बघते.
मोमीताई


लास वेगास, ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मुक्कामी पोचलो. खुबा शाबूत, एका बरगडीला मुका मार. हसलो की दुखतं, त्यामुळे तुझं पोकाईतलं ओरडणं आठवायचं टाळतोय.

पंधरा दिवस फार सुखाचे गेले. तू मला त्या खाडीत दिवसभर पाडायचीस आणि बायका काठावर शेंगा खात बघायच्या, तेसुद्धा सुखाचं होतं. पण शेवटच्या सकाळचं मनातून जात नाही. इतका थांबून एक लाट मिळाली आणि मी नाकावर आपटलो. पाण्याखाली फळी सुटली की नाही, काहीच आठवत नाही. वर आलो तर कानांत पाणी, चारी बाजूंनी आरडाओरडा, फळ्यांवर थापा. मान वर करायची हिंमत झाली नाही. तसाच वल्हवत काठावर आलो, विमान गाठायचं होतंच. दाजी विमानतळापर्यंत ट्रकच्या गिअरबॉक्सबद्दल बोलत होते, त्यांना काय विचारणार?

कोणाला लागलं का? खरं सांग. माझ्यामुळे तुला काकांसमोर खाली बघावं लागलं असेल, तर मी पुन्हा वल्हं उचलणार नाही.

क्षमा आणि लोभ, दोन्ही असू दे.
कविका


वाइआनाए, १७ जुलै

चि. कविकास,
अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

लाटा चांगल्या होत्या म्हणून मी विमानतळावर आले नाही, आणि तू हे डोक्यात भरून घेऊन गेलास! तू पाण्याखाली होतास, मी वर होते, तेव्हा मी सांगते ते ऐक.

तुझ्या बरोबर समोर हौनानी होती. तुझ्या फळीचं नाक खाली गेलं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटली. पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. फळी आलीच नाही. लाट फुटून पुढे निघून गेली, तरी आली नाही. मग फेसातून आधी वल्हं दिसलं आणि मागोमाग फळीला मिठी मारून बसलेला तू, माकडिणीच्या पोटाला पोर चिकटावं तसा. बरगडी तिथेच ठेचली असणार. कोणाला काहीसुद्धा लागलं नाही, बाळा. ती ओरड त्या आनंदाची होती. ज्या हौनानीला टाके पडले होते, तिनेच पहिली थाप मारली फळीवर.

रांगेतल्या एका नव्या बाईने विचारलं, हा कोण. मी म्हटलं, माझा भाऊ, लास वेगासचा. त्यावर एबेन काका माझ्यावर केवढ्याने खेकसले! म्हणाले, लास वेगासचा कसला? तिकडचा असता तर फळी सोडली असती. तो इथलाच आहे.

तुझ्या वतीने मी होकाराची मान हलवली आणि तोंड पाण्यात बुडवलं, रडलेलं कोणाला दिसू नये म्हणून.

बरगडीला शेक दे. लोभ इथे साठवून ठेवलाय, येऊन घेऊन जा.
तुझी, मोमीताई