एकाच सालचे काका आणि नातू

तीर्थस्वरूप चांग-इल काका (वय अडतीस) यांस पुतण्या ग्योंग-मो (वय बावन्न, गुडघे त्याहून जुने) याचा सोलहून वाकून नमस्कार. मी-रान काकूंचा खोकला थांबला का? मी पाठवलेली नाशपातीची पेटी बुसानहून जशीच्या तशी परत आली, त्यावरून आपली तब्येत ठणठणीत असून राग त्याहून ठणठणीत आहे, असं समजतो.

काका, आन्दोंगला पूर्वजांच्या पूजेत जे झालं त्यात माझा हेतू वाईट नव्हता, अक्कल कमी पडली. दरवर्षी कोण कुठे उभं राहणार यावरून तासभर हुज्जत होते, म्हणून म्हटलं, इतकी वर्षं प्रोग्रॅम लिहितोय, एक आपल्या प्यो घराण्यासाठी लिहावा. 'प्यो' नावाचा क्लास केला. (क्लास म्हणजे कोरा फॉर्म हो: नाव, गाव, जन्मसाल. तो भरला की एकेक माणूस, म्हणजे ऑब्जेक्ट, तयार.) दोन ऑब्जेक्टांत मोठं कोण हे यंत्राला आपसूक कळत नाही, ते लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, ज्याचं साल आधीचं तो मोठा. साल एकच असेल तर दोघे सारखे, आणि सारखे असतील तर एकाला गाळायचं, कारण आपली मंडळी नाव दोनदोनदा नोंदवतात. पिढीचा रकानाच ठेवला नाही! आपल्याकडे अडतीस वर्षांच्या काकापुढे चौऱ्याहत्तर वर्षांचा पुतण्या वाकतो, हे जन्मभर बघतोय, आणि नेमकं तेच विसरलो.

मग काय, व्हायचं तेच झालं. तोच चौऱ्याहत्तरचा पुतण्या सांग-गिल तुमच्या चटईवर, सगळ्यांत पुढे. त्याचा मुलगा जुन-से, म्हणजे नात्याने तुमचा नातू, नेमका तुमच्याच सालचा. यंत्राने त्याला ठेवलं आणि तुम्हाला उडवलं. तुम्ही पूजेची काळी टोपी घालून अंगणात उभे, आणि सांग-गिल भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवून म्हणतोय, "काका, यात तुमचं नावच नाही हो, मी तरी काय करू?" तुम्ही प्रसादाची दारूसुद्धा न घेता निघून गेलात. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. (हसू आलं होतं, पण ते नंतर.)

आता आधी पिढी, मग वय, अशी तुलना बसवली आहे. तेव्हा राग सोडा. माझ्या चौदाव्या वर्षी तुम्हाला पाठीला बांधून गावभर हिंडवलंय मी, आणि ती पाठ तुम्ही किती वेळा ओली केलीत हे अजून काकूंच्या कानावर घातलेलं नाही.

आपला (सध्या तरी गप्प असलेला) पुतण्या,
ग्योंग-मो

ता. क. सांग-गिल तुमच्या पाया पडायला बुसानला यायचं म्हणतोय. त्याचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत, तेव्हा दार लवकर उघडा.

आणखी एक ता. क. पुढच्या महिन्यात आमच्या मुलाचं, ह्यन-उचं लग्न आहे. नवी सून घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे वाकेल तेव्हा बाबांच्या जागी कोणी बसायचं, म्हणून नव्या प्रोग्रॅमला बाबांच्या पिढीतली हयात माणसं विचारली. एकच नाव आलं. चूक असेल म्हणून पुन्हा चालवला, तरी तेच. या हो काका. तुलना करायला आता दुसरं कुणी उरलेलंच नाही.