वर्षातून एकदा उघडणारं दुकान

सुरत, लाभपाचम, १९७१

आज, दिवाळीनंतर दुकानं उघडायच्या मुहूर्ताला, खालचं दुकान उघडलं. आमचा भाडेकरू, जरीवाला शेठ, वर्षातून फक्त याच दिवशी येतो, नारळ फोडतो, कुलपाला तेल घालतो आणि पुन्हा तेच कुलूप लावून जातो. कोर्टात मात्र लेकाचा शपथेवर सांगतो, धंदा चालू आहे. माझी मुलगी सुमन डॉक्टर होऊनही जिन्याखाली स्टुलावर बसते, पेशंट पायऱ्यांवर. तिच्या दवाखान्यासाठीच दुकान परत मागतोय ना मी?

नारळ फोडून झाल्यावर शेठ गुडघा दाखवायला त्याच पायऱ्यांवर येऊन बसला. सुमनने तपासलं, गोळ्याही दिल्या. कशाला दिल्या? उठताना कुलपाची किल्ली बोटात फिरवत म्हणतो कसा, "बेन, इथे पेशंट हैराण होतात. एखादं सारुं, चांगलं दुकान भाड्याने घ्या ने."