माझ्या मरणाचा भाग

चिरंजीव लेखकराव यांस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील आणि पाठ ताठ ठेवून लिहीत असशील असे धरून चालते. (नसशील. तुझ्या आजोबांची पाठही अशीच प्रश्नचिन्हासारखी होती.) माझे गुडघे बोलतात, बाकी मी ठणठणीत आहे. पत्रास कारण, मी वारल्याचे मला परवा समजले.

झाले असे की बाहेरच्या खोलीचा पडदा फरफटत होता म्हणून आखूड करायला शिंपीणबाईकडे टाकला होता. आणायला गेले तर दुकान बंद, पण आत दिवे आणि आरडाओरडा. मला वाटले मारामारी जुंपली आहे, म्हणून लगेच आत शिरले (बाहेर उभे राहून मारामारी नुसती ऐकण्यात काय अर्थ आहे?). आत शिवणयंत्रे भिंतीला सारून खुर्च्या मांडलेल्या आणि तुझी मालिका डोक्यावर घेतलेली माणसे. दर सुट्टीला जमतात म्हणे, आणि तुझा सगळ्यांत चांगला भाग कोणता, सगळ्यांत टुकार कोणता यावर भांडतात. एवढ्या पोटतिडकीने मी तुझ्या आजोबांशीही कधी भांडले नाही, आणि तिथे तर कारणे होती.

बसचा ड्रायव्हर म्हणत होता, लिफ्ट बंद पडते आणि अख्खा भाग लिफ्टमध्येच जातो, तो एक नंबर. दातांचे डॉक्टर म्हणाले, तोच सगळ्यांत भिकार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसे कोंडलेली आणि एकालाही लघवीला लागत नाही? ड्रायव्हर म्हणाला, आमच्या नोकरीत सवय होते. मग नायकाची स्मृती पुन्हा जाते तो भाग निघाला. डॉक्टर तावातावाने म्हणाले, याला गाडी चालवणे आठवते, कुत्र्याचे नाव आठवते, फक्त बायको आठवत नाही, हे कुठले वैद्यकशास्त्र? त्यावर जमलेले सगळे नवरे एकदम गप्प झाले (त्यावरून मी काय समजायचे ते समजले). मी पडदा मागायला तोंड उघडले की कोणीतरी म्हणे, थांबा आजी, तुमचीही पाळी येईल.

पाळी आली ती भलतीच. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या उठल्या आणि म्हणाल्या, वाहिनी आपली मालिका गुंडाळायला निघाली आहे. (ही गोष्ट तू घरी सांगितली नाहीस. ती मला कात्र्या आणि दोऱ्यांच्या पसाऱ्यात कळावी?) तेव्हा सर्वांत उत्तम भाग निवडून, खाली सह्या करून वाहिनीला कळवायचे की असे लिहिणाऱ्या माणसाला घरी बसवू नका. आणि तो भाग एकच, आजीच्या मरणाचा. त्याने मुलाखतीतच सांगितले आहे ना, खरी आजी गेली त्याच आठवड्यात ओल्या डोळ्यांनी एका बैठकीत लिहिला म्हणून. चला, त्या माउलीसाठी दोन मिनिटे उभे राहू.

सगळे उभे राहिले. मीही राहिले. बाकीचे उभे असताना मयतानेच बसून राहणे बरे दिसत नाही. ड्रायव्हर नाक ओढत होता, शिंपीणबाईने चिंधीला डोळे पुसले, आणि मी आठवत होते की त्या आठवड्यात नेमके काय झाले होते. तू मळक्या कपड्यांचे बोचके माझ्याकडे टाकून गेला होतास आणि मी तुझ्या सदऱ्यांना बटणे लावत बसले होते. मेल्यावरसुद्धा.

मग त्या भागातले एकेक दृश्य आळवून झाल्यावर माझे मत विचारले. मी स्पष्ट सांगितले की हाच सगळ्यांत टुकार. जिला श्वास पुरत नाही ती बाई एवढी बडबडेल कशी? सगळ्यांना माफ करते, सुनेच्या हाती किल्ल्या देते, आणि गॅस बंद केला का हे एकदाही विचारत नाही? असली आजी कोणाच्या घरात असते? दुकान असे शांत झाले की सुई पडल्याचे ऐकू आले असते (तिथे ती रोजच पडते). मोठ्या बाई मायेने म्हणाल्या, “आजी, राग मानू नका, पण आजी म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही. त्याच्या आजीला एकदा बघितलं असतंत तर असं बोलला नसतात.”

जिभेच्या टोकावर आले होते बघ. पण ‘मीच ती’ म्हटले असते तर तू खोटारडा, तो भाग खोटा, आणि वाहिनीला मालिका बंद करायला आयते कारण. गिळले. म्हटले, “बघितलीय की. मी चांगली ओळखत होते तिला.”

झाले. मला गादीची खुर्ची, चहा, पाठीला उशी. आणि मग मला राहवेना रे. काय ती बाई होती म्हणून सांगू! रूपाने उजवी, डोक्याने वकील, नवरा तिच्यापुढे चळचळ कापायचा. (यातले बरेचसे खरे आहे.) मी सुटलेच. म्हटले, नातू रोज फोन करून विचारायचा, आजी, पुढे काय दाखवू? चांगले भाग सगळे तिच्या तोंडचे. डॉक्टर ताडकन उठले, म्हणजे ती गेल्यापासूनच भाग बिघडले! बोटांवर मोजले, जुळले. मी चहाचा कप खाली ठेवला, कारण आता आजीशिवाय तुला ओळही लिहिता येत नाही असे ठरत होते. म्हणून घाईघाईने मीच मजकूर सांगितला, की पोरगा अजून दुःखातून सावरलेला नाही, थोडे सांभाळून घ्या. तो जसाच्या तसा पत्रात गेला. मरणाचा भाग एकमताने पहिला आला. एकमताने म्हणजे माझेही मत धरून.

तेव्हा आता सावर. लवकर.

तुझी,
दिवंगत आजी

ता. क. – दुकानात लावायला ते तुझ्याकडे आजीचा फोटो मागतील. माझा पाठवू नकोस. तुझ्या आईच्या आईचा पाठव. ती खरोखरच गेलेली आहे आणि चार लोकांनी आपल्याकडे बघावे अशी तिची हौसही होती.

आणखी ता. क. – तो भाग मी पाहिलेला नाही. त्या वेळी शेजारणीकडे खरेच भांडण चालले होते. टुकार म्हणाले ते त्यांनी जे सांगितले त्यावरून.

शेवटचे ता. क. – ते तुला दुकानात बोलावणार आहेत. नाही म्हणू नकोस, वाहिनीचा माणूसही यायचा आहे. मी गादीच्या खुर्चीवर असेन. सगळ्यांसारखे मला ‘अहो आजी’ म्हण. ‘अगं’ म्हणालास की मालिका गेली आणि माझी खुर्चीही गेली. नंतर मात्र जेवायला घरी ये. तिथे मी जिवंत असते.