शेळीची पानं

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्या वहीतली चार पानं शोधून राहिलोय. ती सापडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी नववीत होतो. माझं अक्षर बरं, म्हणून रझाकारांच्या काळातल्या तुमच्या आठवणी कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवायचं काम तुम्ही मला दिलं. मुदखेडजवळच्या आपल्या गावात, तुमच्या स्वयंपाकघरात मी लिहीत बसलोय, तुम्ही शेजारी शेंगा फोडताय. सोळाव्या वर्षी तुम्ही चळवळीच्या चिठ्ठ्या पोचवत होतात, मागावर माणसं आली आणि देगलूरकडच्या एका मुसलमान रंगाऱ्यानं तुम्हाला माळ्यावर लपवलं, इथवर मी झोकात उतरवलं. पुढची पानं मात्र निव्वळ एकटेपणाची होती. दीड महिना बोलायचं नाही, खोकायचं नाही. रंगाऱ्याच्या बायकोला तुम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचात. ती अंगणात शेळीला पाला घालताना गावातली सगळी खबर मोठ्यानं सांगायची, वर तुम्हाला ऐकू जावं म्हणून. ‘सुन गे बकरी, आज क्या हुआ...’ आणि तुम्ही तोंडात उपरण्याचा बोळा धरून रडायचात. खाली उतरलात तेव्हा पाणी मागायला आवाजच फुटला नाही. मला ते वाचून लाज वाटली. आपले गुरुजी शेळीच्या गप्पा ऐकून रडले, हे शाळेतली पोरं वाचणार! मी ती पानं गाळली.

पक्की वही चाळून तुम्ही विचारलंत, “शेळीची पानं कुठायत रे?”

“उंदरानं खाल्ली, गुरुजी.”

“उंदीर बी लई शहाणा हाय. नेमकी तेवढीच खाल्ली!”

तुम्ही हसलात आणि कबूल केलेला शाईचा पेन माझ्या खिशाला लावलात. तुम्ही मूळ वही उघडाल या भीतीनं, तुम्ही हात धुवायला उठलात तेवढ्यात, मी ती पानं फाडून तुमच्याच चुलीत घातली.

माझी मुलगी वर्षभर लातूरला आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी. आठ मुली एका मजल्यावर, पण प्रत्येकीला फळ्या ठोकून वेगळा खण, समोर भिंत. संध्याकाळी दहा मिनिटं फोन. त्या दहा मिनिटांत मी विचारायचो, टेस्टला किती पडले? ती आकडा सांगायची. हळूहळू तेवढंच उरलं. गेल्या रविवारी दशम्या घेऊन निघालो. बसमध्ये हरिपाठ म्हणत होतो, चाकूरपर्यंत दोनदा चुकलो. ती खाली आली, बारीक झालेली. दशमी हातात धरून बसली. मग म्हणाली, “पप्पा, परवा दुकानात वही मागायला गेले, तर आवाजच निघंना. दुकानदार म्हणला, मुकी हाय का?”

गुरुजी, हे मी वाचलं होतं. त्यावर काय करायचं, तेही वाचलं होतं आणि जाळलं होतं. “घरी चल,” म्हणालो. ती म्हणाली, “न्हाई. पण मार्क नका विचारू.”

आता संध्याकाळ झाली की मी फोन घेऊन बांधावर येरझाऱ्या घालतो. तिनं उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. पहिल्या दिवशी सुरुवात सुचेना, म्हणून म्हणालो, “सुन गे बकरी, आज क्या हुआ...”

“म्हंजे मी शेळी व्हय, पप्पा?” आणि ती हसली. लई दिवसांनी हसली. मग मी तिला तुमची नि खालाची गोष्ट आठवेल तेवढी सांगितली, आणि म्हशीनं दावं तोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घातलेला धुडगूस सांगितला. काल मात्र तिनं दोन वेळा फोन उचलला नाही. मी देवापुढं बसलो, पण लक्ष फोनकडंच. तिसऱ्यांदा उचलला.

मला ती एकच ओळ येते, गुरुजी. खाला पुढं काय बोलायची, कशी बोलायची, की माळ्यावरचं माणूस तगून राहावं? ते तुम्ही लिहून ठेवलं होतं. मी रोज मनानं रचतो. पुरतंय की नाही, कळत नाही.

हे पत्र हरिपाठाच्या पोथीत ठेवतो. काल मुलीनं विचारलं, “ती गोष्ट पुढं कुठं लिहिलेली हाय का?” मी सांगितलं, ती पानं उंदरानं खाल्ली.